मरण दाखवलं म्हणून सिनेमा वाईट होत नाही

'फायनल डेस्टिनेशन' या हॉलिवूडच्या भयपटमालिकेचा नवा भाग आला की एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो, 2025 च्या मे महिन्यात सहावा भाग आला तेव्हाही झाला. एक गट म्हणतो की असले रक्तबंबाळ पिक्चर बघून पोरांची मनं निबर होतात, आणि वर मरण ठरलेलंच असतं, कितीही धडपडा सुटका नाही, हेही त्यांच्या डोक्यात बसतं. दुसरा गट म्हणतो, अहो सोडा ना, पिक्चर आहे, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घेता. माझ्या मते दोघंही सिनेमाकडे नीट न बघताच भांडतायत. पहिल्या गटाला रक्त सोडून काही दिसत नाही आणि दुसऱ्याला काही बघायचंच नसतं. मला वाटतं, निदान पहिले दोन भाग तरी, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी मरणाबद्दल जितकं खरं बोलतात तितकं त्यांच्याशी घरात आणि शाळेत कुणी बोलत नाही. आणि हे सिनेमे मुलांना दैववादी बनवतात हा आरोप तर मला अगदीच उफराटा वाटतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग मार्च 2000 चा, दिग्दर्शक जेम्स वाँग, मूळ कल्पना जेफ्री रेडिक या लेखकाची, जी त्याने आधी 'द एक्स-फाइल्स' या टीव्ही मालिकेसाठी लिहिली होती. न्यूयॉर्कच्या विमानतळावरून शाळेच्या फ्रेंच क्लासची मुलं पॅरिसला निघालीत, ॲलेक्स नावाच्या मुलाला विमान सुटायच्या आधी ते हवेत फुटताना दिसतं, तो आरडाओरडा करतो, गोंधळात सात जण खाली उतरतात किंवा उतरवले जातात, आणि विमान खरंच फुटतं. मग ज्या क्रमाने ते विमानात मेले असते त्याच क्रमाने एकेकाचा नंबर लागायला लागतो. यात मुखवटा घातलेला खुनी नाही, भूत नाही, शाप देणारी म्हातारी नाही. मारणारं कुणी दिसतच नाही. गळणारा पाइप, सैल झालेला स्क्रू, उघडी वायर, रस्त्यावरून येणारी बस, बस एवढंच.

आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. नेहमीच्या भयपटात मारणारा असतो म्हणजे कारण असतं. त्याचा कुणीतरी छळ केलेला असतो, किंवा पोरांनी नको ते केलेलं असतं, दारू पिऊन तळ्याकाठी गेलेले असतात, मग ते मरतात आणि आपल्याला आतून बरं वाटतं की आपण तसं केलं नसतं. 'फायनल डेस्टिनेशन'मध्ये हा आधारच काढून घेतलाय. गुणी पोरगं मरतं, उर्मट पोरगंही मरतं, बिचाऱ्या शिक्षिकाबाई मरतात, कुणाचं पाप-पुण्य मोजलं जात नाही. सोळाव्या वर्षी वर्गातला एखादा मित्र बाइकवर गेला की मुलांना नेमकं हेच कळत नसतं, की त्याने काय वाईट केलं होतं. आपण काय उत्तर देतो? "देवाला चांगली माणसं आवडतात." किंवा "हेल्मेट घातलं असतं तर." एक खोटं असतं आणि दुसरं मेलेल्यालाच दोष देणारं. पोरांना दोन्ही पटत नाहीत, पण ते समोर बोलत नाहीत.

आता विरोधातले मुद्दे घेतो, कारण त्यातले काही खरंच वजनदार आहेत.

सगळ्यात टोचणारा मुद्दा खऱ्या दुर्घटनेचा. 17 जुलै 1996 ला टीडब्ल्यूए 800 हे विमान न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि उड्डाणानंतर काही मिनिटांतच लाँग आयलंडजवळ समुद्रावर फुटलं, 230 माणसं गेली. त्यात पेनसिल्वेनियातल्या माँटूर्सव्हिल या छोट्या गावातल्या हायस्कूलच्या फ्रेंच क्लबची 16 मुलं होती, आणि त्यांच्यासोबतची 5 मोठी माणसं. पुढच्या चार वर्षांत सिनेमा आला, त्यातही पॅरिस, त्यातही फ्रेंच शिकणारी शाळेची मुलं, त्यातही उडता उडता फुटलेलं विमान. त्या गावातल्या आईबापांनी थिएटरबाहेरचं पोस्टर बघून काय भोगलं असेल? यावर "कला स्वतंत्र असते" वगैरे बोलून मी निसटणार नाही. हे साम्य क्रूर होतं आणि बनवणाऱ्यांना टाळता आलं असतं, गाव बदला, क्लास बदला, काहीही करता आलं असतं. हा आरोप मी पूर्ण मान्य करतो. पण हा आरोप या लोकांच्या असंवेदनशीलतेवर आहे, मुलांना मरणाची गोष्ट सांगण्यावर नाही. वाद घालणारे या दोन गोष्टी एकात एक मिसळून टाकतात.

दुसरा मुद्दा रक्ताचा. ब्रिटिश अभ्यासक जेफ्री गोररने 1955 मध्ये एक निबंध लिहिला होता, त्याचं म्हणणं असं की विसाव्या शतकात साधं, अंथरुणावरचं मरण समाजाने बोलण्यातून हद्दपार केलं, आणि जे झाकलं जातं ते विकृत रूपात परत येतं, म्हणून हिंसक मरणाचे पिक्चर आणि कॉमिक्स खपतात, जशी लैंगिकता दडपली की अश्लील पुस्तकं खपतात तसं. माझ्या बाजूच्या लोकांनी हे वाचून विचार करावा इतकं ते नेमकं आहे. 2009 चा चौथा भाग गोररने बघितला असता तर म्हणाला असता, बघा, मी सांगत होतो. त्यात माणसं नाहीतच, नुसती फुटायला ठेवलेली शरीरं आहेत, थ्रीडीमध्ये अंगावर येणारे तुकडे आहेत आणि थिएटरमध्ये लोक हसतात. त्या भागाचा बचाव मला करता येत नाही आणि करायचाही नाही. पण गोररचं निदान नीट वाचा. तो म्हणतो की रोग झाकण्यात आहे. मग त्यावरचा उपाय आणखी झाकणं कसा असेल? आजी गेली तर नातवाला क्लासला पाठवून द्यायचं, स्मशानात न्यायचं नाही, नंतर त्याच्यासमोर विषय काढायचा नाही, आणि मग तो मित्राकडे जाऊन हा पिक्चर बघतो म्हणून चिडायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

ज्या अमेरिकेत हा सिनेमा बनला तिथे हे कायम असं नव्हतं. 1690 च्या आसपास बॉस्टनमध्ये छापलेलं मुलांचं बाराखडीचं पुस्तक पिढ्यानपिढ्या घराघरात होतं आणि त्यात एक्स अक्षर शिकवताना सांगितलं जायचं की एवढा मोठा सम्राट झर्क्सिस मेला, तसे तू आणि मीही मरणार. वाय अक्षराला तरुण मुलांना लवकर खुडणारं मरण होतं. पाच-सहा वर्षांच्या पोरांना! मी असं म्हणत नाही की ते परत आणा, त्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती लोकांचा नरकाच्या भीतीचा धंदा मला अजिबात आवडत नाही. पण लहान वयात मरणाचं नाव काढलं की मन बिघडतं हा नियम सनातन नाहीये, तो अलीकडचा आहे, हे तरी कबूल करा. हॉस्पिटलं आली, अंत्यविधीचं सगळं बघणारी फ्युनरल होम आली, मरण घरातून बाहेर गेलं आणि मग ते मुलांच्या नजरेआडही गेलं.

आणि "हे बघून पोरं बिघडतात" ही ओरडही जुनीच. 1954 मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने भयकथांच्या कॉमिक्सवर सुनावण्या घेतल्या, फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं की बालगुन्हेगारीमागे ही कॉमिक्स हे एक मोठं कारण आहे, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला आणि भयकथांचा तो सगळा प्रकार जवळपास संपला. गुन्हेगारी संपली का? नंतर वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांमध्ये फेरफार केल्याचंही दिसून आलं. पण तोपर्यंत अर्धं शतक उलटून गेलं होतं. 'फायनल डेस्टिनेशन' लागला तेव्हा अमेरिकेत कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराला अकरा महिने झाले होते, म्हणजे हाच वाद पुन्हा तापलेला होता, आणि तेव्हाही बंदुका कुठून आल्या यापेक्षा मुलं काय बघतात यावर बोलणं सगळ्यांना सोपं गेलं.

आता मुख्य आरोपाकडे येतो, दैववादाचा. हा आरोप मराठी माणसाने केला की मला जास्त लागतो, कारण आपल्याकडे याला फार मोठा इतिहास आहे आणि त्यात या सिनेमाचा काडीचा हात नाही. परीक्षिताची गोष्ट आठवा. सात दिवसांत तक्षक चावणार असा शाप, राजा एका खांबावरच्या महालात जाऊन बसतो, भोवती वैद्य, मांत्रिक, कडक पहारा. विष उतरवू शकणारा एक ब्राह्मण वाटेत असतो तर तक्षक त्याला पैसे देऊन परत पाठवतो. सातव्या दिवशी सूर्य मावळायला आलेला, राजाला भेट आलेल्या फळात एक बारकासा किडा निघतो, आणि राजा हसत म्हणतो की आता दिवस तर संपला, हाच तक्षक समजू या, आणि तो किडा उचलून स्वतःच्या मानेवर ठेवतो. तिकडे तेराव्या शतकात रूमीने सांगितलेली गोष्ट, मृत्यूचा दूत रोखून बघतो म्हणून एक माणूस घाबरून सुलेमान राजाला विनवतो की मला वाऱ्यावर बसवून हिंदुस्थानात पाठवा, आणि दूत नंतर म्हणतो, मी तर नवलाने बघत होतो, मला त्याचा जीव आज हिंदुस्थानात घ्यायचा होता, आणि हा इथे काय करतोय! म्हणजे मरणाला फसवायला जाणारा माणूस हा विषय काही हॉलिवूडने काल शोधून काढलेला नाही. आजीने सांगितला तर संस्कार आणि पोरांनी पडद्यावर बघितला तर विकृती, असं कसं?

पण माझा मुद्दा एवढ्यावर थांबत नाही, कारण या जुन्या गोष्टींत आणि या सिनेमात एक मोठा फरक आहे आणि तोच कुणी बोलत नाही. जुन्या गोष्टीत शाप असतो, विधिलिखित असतं, आणि किडा फळात कसा आला याचा शोध कुणी घेत नाही. सिनेमात मात्र कॅमेरा तेवढंच दाखवतो. पहिल्या भागातल्या शिक्षिकाबाईंचा प्रसंग घ्या. त्या घाबरलेल्या, रात्रीच्या घरात एकट्या. मगमध्ये उकळता चहा ओततात, मगवरचं शाळेचं चिन्ह बघून दचकतात, चहा फेकून देतात आणि त्याच गरम मगमध्ये बर्फासारखी गार व्होडका ओततात. मगला बारीक तडा जातो. तो मग हातात घेऊन त्या कॉम्प्युटरजवळ जातात, थेंब थेंब मॉनिटरच्या आत पडतो, आतून धूर, मग स्फोट, काच गळ्यात. कशाबशा स्वयंपाकघरात येऊन आडव्या होतात, ओट्यावर लोंबणारा टॉवेल ओढतात, आणि टॉवेल पडलेला असतो सुऱ्यांच्या स्टँडवर. हा प्रसंग मी थांबवून थांबवून बघितलाय. यात एकही गोष्ट चमत्काराची नाही. गरम मगमध्ये गार व्होडका, विजेच्या वस्तूजवळ ओला मग, सुऱ्यांवर टाकलेला टॉवेल. तोंडाने सिनेमा म्हणतो की मृत्यूची योजना आहे, पण डोळ्यांना दाखवतो ती साखळी, आणि साखळीतली कुठलीही एक कडी तोडता आली असती हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, म्हणून तर आपण खुर्चीत ओरडतो की अगं तो मग खाली ठेव!

अपघाताचा तपास करणारे असाच विचार करतात. टीडब्ल्यूए 800 च्या वेळी क्षेपणास्त्रापासून बॉम्बपर्यंत सगळ्या अफवा झाल्या, समुद्रातून तुकडे काढून जोडले, चार वर्षं तपास चालला, आणि सिनेमा लागला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निष्कर्ष आला की पंखांच्या मधल्या इंधन टाकीतली वाफ पेटली, बहुतेक टाकीबाहेरच्या वायरिंगच्या शॉर्ट सर्किटमुळे. मग 2008 मध्ये नियम झाला की टाकीतली हवा पेटणार नाही अशी सोय विमानात हवी. 230 माणसं परत आली नाहीत, पण ती कडी तुटली.

आणि आपल्याकडे? मे 2024 मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 जण गेले, 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते कितीतरी मोठं उभं केलेलं होतं, आणि आरोपीच्या बाजूने हायकोर्टात मांडलं गेलं की ही देवाची करणी, वादळ आलं त्याला आम्ही काय करणार. त्याआधी 2022 मध्ये मोरबीचा झुलता पूल तुटून 135 माणसं गेली, तेव्हाही देखभाल करणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरने कोर्टात भगवंताची इच्छा काढली. या लोकांनी कुठला भयपट बघितला होता? दैववाद आपल्या बोलण्यात आहे, आपल्या पंचनाम्यात आहे. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" हे आपण वाचलेल्याला म्हणतो आणि गेलेल्याला "त्याची भरली होती". त्यानंतर कुणी विचारत नाही की कठडा का नव्हता.

याउलट दुसऱ्या भागाचा, 2003 च्या, परिणाम बघा. हायवेवर ओंडके नेणाऱ्या ट्रकची साखळी तुटते आणि मागच्या गाड्यांवर ओंडके येतात, एवढा एक प्रसंग. जगभरातली एक पिढी आजही अशा ट्रकच्या मागे गाडी ठेवत नाही, लोक स्वतःहून सांगतात. माझी भाची सतरा वर्षांची आहे, ओंडक्यांचे ट्रक तिने आयुष्यात फारसे बघितले नसतील, पण सळया बाहेर आलेला ट्रक पुढे दिसला, मागे ते लाल फडकं हलत असलं, की ती गाडी चालवणाऱ्याला म्हणते, मामा लेन बदल. आधी मीही दुर्लक्ष करायचो, आता बदलतो. दैववादी माणूस लेन बदलतो का?

आणखी एक गोष्ट, जी सिनेमाला नावं ठेवणाऱ्यांच्या लक्षातच आलेली नाही. पहिल्या भागात मरणाचा क्रम थांबवायचा एकच मार्ग दिसतो, दुसऱ्या कुणीतरी मध्ये पडणं. रेल्वेच्या रुळावर गाडीत अडकलेल्या कार्टरला, जो आख्खा सिनेमाभर ॲलेक्सचा राग करतो, त्याला ॲलेक्सच बाहेर ओढतो, आणि कार्टरचा नंबर टळतो. स्वतःला वाचवून कुणी वाचत नाही, एकटा खोलीत दारं लावून बसलेला तर अजिबात नाही. हां, त्याची किंमत पुढच्याला मोजावी लागते, दोन सेकंदात त्यांच्यातलाच बिली जातो, आणि तिथे सिनेमा निर्दय होतो हे खरंय. पण 2011 च्या पाचव्या भागात जेव्हा उलटा मार्ग सुचवला जातो, की दुसऱ्याला मारून त्याचं उरलेलं आयुष्य घ्या, तेव्हा तो मार्ग धरणाऱ्याचं काय होतं ते बघा. कुठल्या बाजूने हे सिनेमे उभे आहेत हे यातून पुरेसं स्पष्ट होत नाही का?

मुलांना गोड शेवट हवा असतो हाही गैरसमजच. पहिल्या भागाचा मूळ शेवट वेगळा होता, ॲलेक्स स्वतःचा जीव देऊन, त्याच्यासोबत विमानातून उतरलेल्या क्लिअर नावाच्या मुलीला वाचवतो आणि तिला त्याचं बाळ होतं, नव्या जिवाने मरणावर मात वगैरे. प्रेक्षकांना आधी दाखवून बघितला तर त्यांना तो आवडला नाही, मग परत शूटिंग करून आत्ताचा पॅरिसमधला शेवट केला. त्यांना जोरदार धक्का हवा होता हे एक कारण असेलच, मी नाकारत नाही. पण बाळ दाखवून समजूत घालणं त्यांना पटलं नाही हेही तितकंच खरं.

आणि ज्यांना हे सगळं स्वस्त, भावनाशून्य वाटतं त्यांनी सहाव्या भागातला टोनी टॉडचा प्रसंग बघावा. पहिल्या भागापासून शवागारातल्या त्या गूढ माणसाचं काम करणारा हा नट, शूटिंगच्या वेळी खूप आजारी होता, अंगावर कपडे सैल पडलेले दिसतात. दिग्दर्शकांनी त्याला सांगितलं की प्रेक्षकांना जे सांगावंसं वाटतं ते तुझ्या शब्दांत बोल, आणि तो बोलला, आयुष्य मोलाचं आहे, प्रत्येक क्षण जगून घ्या, असं काहीतरी अगदी साधं. नोव्हेंबर 2024 मध्ये तो गेला, सिनेमा सहा महिन्यांनी लागला. ते वाक्य कुठल्याही कॅलेंडरवर छापलेलं सापडेल, पण ते कोण म्हणतंय आणि कधी म्हणतंय हे माहीत असलेली पोरं थिएटरमध्ये गप्प झाली. तीच पोरं, जी दहा मिनिटांपूर्वी किंचाळत हसत होती.

मग सगळ्यांना दाखवा का? नाही. दहा वर्षांच्या मुलाला मी हा दाखवणार नाही, आणि ज्या घरात नुकताच अपघात झालाय तिथल्या कुठल्याही वयाच्या माणसाला तर नाहीच. काही मुलं मुळातच काळजीखोर असतात, त्यांना आठवडाभर झोप लागत नाही, गॅस बंद आहे का ते रात्रीतून चार वेळा उठून बघतात, अशा मुलांच्या आईबापांनी अडवलं तर त्यात काहीच चूक नाही. अमेरिकेत या सहाही भागांना आर रेटिंग आहे, म्हणजे सतराच्या आतल्या मुलाने बघायचा तर सोबत पालक हवा. आपल्याकडे 2023 च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्डाकडे यूए 7, यूए 13, यूए 16 अशा पायऱ्या आल्यात, पण त्यावर थेट ए असलं की सतरा वर्षांच्या मुलीला आईबापांसोबतही थिएटरमध्ये बसता येत नाही, ती मग तोच पिक्चर एकटी, मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, दार लावून बघते. मला आरची अट जास्त शहाणपणाची वाटते, आणि पालकांनी बंदीची मागणी करण्यापेक्षा शेजारच्या खुर्चीत बसण्याचा हक्क मागावा.